साफ केलेला वाफा महिनाभरात पुन्हा का माजतो: तपासण्या, सोप्यापासून अवघडापर्यंत

सामुदायिक बागेत आपल्या नावावर येणारा वाफा बहुतेक वेळा कुणीतरी अर्ध्यात सोडलेला असतो. असे नऊ वाफे मी आजवर पुन्हा लागवडीला आणले. त्यातले तीन माझे, बाकीचे शेजाऱ्यांचे. प्रत्येक वेळी तक्रार तीच: दोन दिवस राबून वाफा स्वच्छ केला आणि महिना उलटायच्या आत तण आधीपेक्षा दाट झालं.

लक्षणं

- साफसफाईनंतर आठ-दहा दिवसांत सरळ, टोकदार पाती वर येतात. ओढली की हातात नुसती पात येते, खालचं काही निघत नाही.
- दोन-तीन आठवड्यांत सगळ्या वाफ्यावर बारीक रोपट्यांची हिरवी साय धरते.
- मधला भाग मोकळा राहतो, पण कडांवरून गवत आत सरकत येतं.
- तण जोमात असतं, मात्र लावलेली भाजी खुजी आणि पिवळी राहते.
- पाणी दिलं की वरच तुंबतं, किंवा तासाभरात माती पुन्हा कोरडी ठणठणीत होते.
- रोपं दुपारी माना टाकतात आणि भरपूर पाणी देऊनही सावरत नाहीत.

पहिली तीन लक्षणं तणाची आहेत, उरलेली तीन मातीची. एकाच वाफ्यात दोन्हीकडची सापडणं नेहमीचंच. पण तणाचा उलगडा झाल्याशिवाय मातीला हात लावू नका. खत घातलं की आधी तणच माजतं.

सुरुवात बघण्यापासून

टिकाव आणि फावडं दोन दिवस बाजूला राहू द्या. मला ही सवय लागायला दोन वाफे जावे लागले. पहिला वाफा मी खोल खणून उलथापालथ केला. माती सुरेख भुसभुशीत दिसत होती. तीन आठवड्यांनी जिथे हराळीचे चार-पाच झुबके होते तिथे पन्नासेक ठिकाणी कोंब होते, कारण कुदळीनं मीच तिचे तुकडे करून सगळीकडे पेरले होते. हराळीच्या खोडाला जिथे पेर असतं तिथून ती नव्यानं फुटते. बोटभर लांबीचा, एका पेराचा तुकडाही तिला पुरतो. मातीत फिरवायचं यंत्र, म्हणजे रोटाव्हेटर, हेच काम दहापट वेगानं करतं. बागेत कुणी ते यंत्र आणून देऊ केलं तर आधी वाफ्यात काय आहे ते बघा, मग होकार द्या.

बघायचं म्हणजे ओळखायचं. सगळी नावं माहीत नसली तरी चालेल, तीन गट पुरेत.

पहिला गट बियांवर जगणाऱ्यांचा: घोळ, माठ, गाजर गवत, दुधी (चीक येणारं तण, दुधी भोपळा नव्हे). उपटली की मुळासकट येतात. दुसरा गट आडव्या खोडांनी पसरणाऱ्यांचा, त्यातली मुख्य हराळी. तिसरा गट गाठींवाल्यांचा, म्हणजे लव्हाळा. लव्हाळा आणि हराळी लांबून सारखीच गवतं वाटतात. शंका आली तर खोड बोटांत धरून फिरवा. हराळीचं खोड गोल आणि पेरांचं असतं, लव्हाळ्याचा फुलाचा दांडा तीन कडांचा. ही ओळख फुकट होते, पाच मिनिटांत होते आणि पुढचे दोन महिने काय करायचं ते ठरवते. लव्हाळ्यावर जो उपाय चालतो तो हराळीवर चालतोच असं नाही, आणि दोघांवर चालणारा उपाय घोळीवर वाया जातो.

केना मात्र एकाच गटात बसत नाही. त्याचं खोड जिथे ओल्या मातीला टेकतं तिथे मुळं धरतं. शिवाय तो जमिनीच्या पोटातही फुलतो आणि तिथेच बी धरतो. वरची फुलं खुडून केना आटोक्यात आला असं समजू नका. तो वेचून, मुळाखालची मूठभर माती चाळून काढावा लागतो.

आधीच्या माणसाला विचारा

वाफा कुणाकडे होता, त्यात काय घातलं, पाणी कसं दिलं, कधीपासून बंद आहे, हे बागेत कुणाला तरी ठाऊक असतं. एका वाफ्यावर मी दोन महिने खतं बदलत बसलो होतो. शेजारच्या वाफ्यावरच्या काकूंना विचारलं तेव्हा कळलं की त्या जागी बागेच्या बांधकामाचं साहित्य ठेवलेलं होतं. माती वीतभर खाली दगडासारखी दाबली गेली होती. तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

बी झडण्याआधी तुरे कापा

गटांची ओळख पटली की त्याच दिवशी करायचं एकच काम: जे फुलावर किंवा बियांवर आहे त्याचे शेंडे विळ्यानं कापून थेट पोत्यात टाका. जमिनीवर पडू देऊ नका. मुळं अजून तशीच राहू द्या, ती पळून जात नाहीत. गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात. त्याला हातमोजे आणि अंगभर कपडे घालूनच हात लावा, अनेकांना त्यानं त्वचेचा आणि श्वासाचा त्रास होतो. घोळ उपटून वाफ्यातच ठेवली तर ओलीवर पुन्हा मुळं धरते, आणि उपटलेल्या झाडावरही तिचं बी पक्व होतं.

बियांची चिकाटी किती असते याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन इथे तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरल्या आणि पुरल्या. ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया रुजवून बघतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनीही उगवल्या. सगळी तणं इतकी टिकत नाहीत. पण आपल्या वाफ्याच्या खालच्या थरात न रुजलेलं बी पडून आहे, हे धरूनच चालायचं.

खोल खणू नका हे सांगण्यामागचं दुसरं कारण तेच. बारीक बी बहुधा वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच उगवू शकतं, आणि त्यातल्या अनेकांना उगवायला उजेड लागतो. खालचा थर वर आणला की अंधारात झोपलेलं बी जागं होतं. साफसफाईनंतर दिसणारी ती हिरवी साय बहुतेक वेळा यातूनच येते.

पाणी आणि खत तपासा

पाणी पाइपनं सगळ्या वाफ्यावर शिंपडता का? मग तणालाही तितकंच मिळतं. झारीनं फक्त रोपाच्या बुडाशी द्या. एवढ्या बदलानंही रोपांमधल्या जागेतलं तण कमी होतं.

खताची तपासणी जरा निगुतीनं करा, कारण बागेत सगळ्यांसाठी आणलेलं खत आपण डोळे मिटून घेतो. नीट न कुजलेल्या शेणखतात जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडलेलं तणाचं बी असतं. एका पसरट ट्रेमध्ये खत भरा, ओलं ठेवा आणि दहा-बारा दिवस बघा. काय उगवतं ते समोर येईल. त्याच वेळी तीन कुंड्यांत साधी माती आणि तीन कुंड्यांत माती व खत अर्धं-अर्धं घालून घेवड्याचं बी लावा. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी वळली, पिळवटली, नेच्यासारखी बारीक झाली, तर त्या खतात तणनाशकाचा अंश असू शकतो. जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर फवारलेली काही तणनाशकं शेणातून आणि कंपोस्टमधूनही टिकून येतात. टोमॅटो आणि शेंगवर्गीय भाज्या त्यांना फार लवकर बळी पडतात. असं खत वाफ्यात घालायचंच नाही.

आता खुरपं: एक झुबका, एक खड्डा

वापसा आल्यावरच, म्हणजे पाणी जिरून माती ना चिकट ना कोरडी अशी झाल्यावरच, मातीत हात घाला. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्यानं टोचा. भुसभुशीत फुटला तर काम सुरू करा. चिकटून राहिला तर एक-दोन दिवस थांबा. ओल्या चिकण मातीत पाय ठेवला तर जे दाबलं जातं ते सुटायला हंगाम लागतो. मातीचा गोळाच होत नसेल तर ती फार कोरडी आहे, आणि कोरड्या मातीत मुळं तुटून आत राहतात. आदल्या संध्याकाळी पाणी द्या.

सगळ्यात वाईट दिसणाऱ्या जागी एक खड्डा घ्या, वीतभर लांब-रुंद आणि वीतभर खोल. माती वर्तमानपत्रावर पसरून निवडा. लव्हाळा असेल तर काळपट तपकिरी गाठी बारीक दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या सापडतील. पात ओढली की तो दोरा तुटतो आणि गाठ आत राहते. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात, एक कोंब गेला की दुसरा फुटतो. बहुतेक गाठी वरच्या १५-२० सेंटिमीटरमध्ये असतात, काही त्याहून खोल.

लव्हाळ्याचा माझा उपाय कंटाळवाणा आहे, पण त्यानं काम होतं. कोंब पाच-सहा पानांचा व्हायच्या आत खुरप्यानं खोल जाऊन गाठीसकट काढायचा. गाठ नाहीच मिळाली तर निदान पात तरी ठेवायची नाही. त्या वयापर्यंत कोंब जुन्या गाठीतला साठा खात असतो, पुढे तो नव्या गाठी भरू लागतो. दर दोन आठवड्यांनी एक फेरी, सलग पूर्ण हंगाम. एक फेरी चुकली तर चार आठवड्यांत नव्या गाठी तयार होतात आणि केलेलं काम बरंचसं पाण्यात जातं. म्हणूनच अख्खा वाफा एकदम हाती घेऊ नका. दर दोन आठवड्यांनी जेवढा भाग नक्की निभावेल तेवढाच उघडा ठेवा, माझ्या हिशेबानं पहिल्या हंगामात तिसरा हिस्सा. उरलेला कापून झाकून ठेवा.

काढलेल्या गाठी आणि हराळीची खोडं कंपोस्टमध्ये टाकू नका. बागेतले कंपोस्टचे ढीग क्वचितच सगळीकडून पुरेसे तापतात. फरशीवर किंवा पत्र्यावर पसरून कडक उन्हात दोन आठवडे वाळवा. खोडं मोडताना कटकन तुटेपर्यंत.

कड बघा

मधला भाग स्वच्छ आणि कडांना गवत, हे लक्षण असेल तर दोष आतल्या मातीत नाही. हराळी पायवाटेवरून किंवा शेजारच्या पडीक वाफ्यातून येते आहे. कडेनं १५-२० सेंटिमीटर खोल, हाताच्या पंजाएवढा रुंद चर खणून मोकळा ठेवा. चरात डोकावणारी खोडं दर पंधरवड्याला कापा. विटांची किंवा फळ्यांची नुसती कड उपयोगाची नाही, हराळी खालून जाते आणि फटीतून निघते. सामुदायिक बागेत इथे थोडं बोलावं लागतं. पायवाट कुणाचीच नसते, त्यामुळे ती कुणी कापत नाही. माझ्या अनुभवात दोन्ही बाजूंच्या वाफेवाल्यांनी वाटेचा आपापला अर्धा भाग वाटून घेतला की निम्मा त्रास कमी होतो.

झाकायचं कशानं

उघडी, ओली, ऊन लागणारी माती कधीच रिकामी राहत नाही. म्हणून जो भाग लगेच लावणार नाही तो झाका. पण काय वाढलंय त्यावर आच्छादन ठरतं.

बियांच्या तणासाठी साधा तपकिरी पुठ्ठा उत्तम. चिकटपट्ट्या आणि पिना काढा, चकचकीत छपाईचा पुठ्ठा घेऊ नका. तण जमिनीलगत कापा, माती भिजवा, पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा, तेही भिजवा आणि वर आठ-दहा सेंटिमीटर पालापाचोळा किंवा कंपोस्ट घाला. दोन पुठ्ठ्यांमधली फट ही नेहमीची चूक. तण बरोबर तिथूनच डोकं काढतं.

हराळीला पुठ्ठा कमी पडतो. जाड काळा प्लास्टिकचा कागद, कडा मातीत पुरून, भर उन्हाळ्याचे किमान दोन महिने. लव्हाळा तर पुठ्ठाही भेदतो आणि पातळ प्लास्टिकही, त्याच्या पातीचं टोक सुईसारखं असतं. लव्हाळ्याच्या जागेवर आच्छादन घालून निर्धास्त राहिलेला प्रत्येक वाफा मी पुन्हा माजलेला पाहिला आहे.

पारदर्शक प्लास्टिकचा उपयोग वेगळा. ओली माती वर्षातल्या सर्वांत तापत्या दिवसांत चार ते सहा आठवडे घट्ट झाकली की वरच्या थरातलं पुष्कळसं बी आणि काही रोगजंतू उष्णतेनं मरतात. ढगाळ दिवसांत हे करू नका. तेव्हा त्याच प्लास्टिकखाली तण उबेत वाढतं.

ज्या भागात लगेच पेरायचं आहे तिथे आधी तणाला उगवू द्या. वाफा सपाट करा, पेरल्यासारखं पाणी द्या आणि दहा-पंधरा दिवस काहीच पेरू नका. हिरवी साय आली की कोरड्या, उन्हाच्या दिवशी खुरप्यानं वरचा दोन सेंटिमीटरचा थर खरवडा, त्याहून खोल नाही. जमलं तर हे दोनदा करा. मग पेरा. नवख्या माणसाला हे दोन-तीन आठवडे फुकट गेल्यासारखे वाटतात, पण पुढची खुरपणी त्यातच उरकते.

पहिलं पीक विचार करून निवडा. कांदा आणि गाजर सावकाश वाढतात आणि जमिनीवर सावली धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या हंगामात ती नकोत. चवळी, भोपळा, रताळ्याचे वेल असं पसरणारं काहीतरी लावा. त्यांनाही पहिले चार-सहा आठवडे खुरपणी लागते, नंतर ती स्वतःच जमीन झाकतात.

तण आटोक्यात, तरी भाजी खुजी

आता मातीकडे. पेन्सिलएवढ्या जाडीची लोखंडी सळई वापशावर हातानं दाबत न्या. दहा-पंधरा सेंटिमीटरवर अडली आणि चार ठिकाणी तसंच झालं तर खाली दाबलेला थर आहे. दातेरी काटा खोल रोवून मागे-पुढे हलवा, थर न उलटता माती सैल होते. मग वाफ्यात पाय ठेवणं कायमचं बंद. वाफा १.२ मीटरपेक्षा रुंद असेल तर मध्ये हात पोचत नाही आणि माणूस आत शिरतो, म्हणून रुंदी कमी करा.

पाणी तुंबत असेल तर ३० सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळची पातळी मोजा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा कमी आहे. अशा जागी वीतभर उंचीचा गादीवाफा करा आणि दर हंगामाला कुजलेलं कंपोस्ट घालत राहा. १.२ बाय ३ मीटरच्या वाफ्यावर तीन सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण ११० लिटर लागतं. चिकण मातीत वाळू मिसळू नका. थोड्या वाळूनं ती आणखी कडक होते.

जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी आहे. कच्चा भुसा किंवा वाळका पाला मातीत मिसळला असेल तर तो कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. असा पाला वरच ठेवा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव, जी बहुधा विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट अल्कधर्मी, मातीत दिसते.

दुपारी माना टाकणारं एक रोप मुळासकट काढून धुवा. मुळांवर गाठी आहेत का? शेंगवर्गीय झाडावर नखानं सहज सुटणाऱ्या गाठी नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या, त्या चांगल्या. मूळच फुगून झालेल्या, न सुटणाऱ्या गाठी सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या. त्या जागी टोमॅटो, भेंडी, वांगी, काकडी एक-दोन हंगाम लावू नका. उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकनं माती तापवा आणि झेंडू दाट लावा. त्या वाफ्यातलं खुरपं धुतल्याशिवाय दुसऱ्याच्या वाफ्यात नेऊ नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

तणनाशक फवारण्याचा विचार आला तर तिथेच थांबा. शेजारी हातभरावर दुसऱ्याची भाजी असते आणि वारा वाफ्याची हद्द पाळत नाही. बागेच्या समितीची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर हा मार्ग नाहीच.

खणताना केबल, पाइप किंवा सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तंतुमय तुकडे दिसले तर हत्यार खाली ठेवा. तुकडे फोडू नका, झाडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. जागा दोरीनं बंद करून समितीला कळवा. साप किंवा गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं तरी तसंच, प्रशिक्षित माणूस येईपर्यंत त्या बाजूला जायचं नाही. मोठ्या झाडाची मनगटाएवढी मुळं वाफ्यात आली असतील तर ती स्वतः तोडू नका, झाड अस्थिर होऊ शकतं.

मातीला तेलाचा किंवा रसायनाचा वास येत असेल, जागेवर पूर्वी गॅरेज, कारखाना किंवा जुन्या रंगाच्या भिंती असतील, तर काही खाण्याआधी शिसं आणि इतर जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्या. ही तपासणी नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाश चाचणीत नसते, वेगळी मागावी लागते. पालेभाज्या आणि कंदमुळांतून असा धोका जास्त, कारण त्यांच्यासोबत मातीही ताटात येते.

नमुना घेताना वाफ्यातल्या आठ-दहा ठिकाणांहून वरच्या १५ सेंटिमीटरची माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, खडे आणि मुळं काढा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. पिशवीवर वाफ्याचा क्रमांक, तारीख आणि तिथे आधी काय होतं ते लिहा.